पाकटीचा निरोप

नागपूरजवळच्या हिंगण्याच्या एमआयडीसीत चालताना ठरावीक अंतरावर एक पाटी भेटत राहते. लाल कवटी, खाली आडवी हाडं आणि '४४० व्होल्ट, धोका'. विजेची एवढी ओळख आपल्याला पुरते: व्होल्ट किती, आणि त्यावरून भ्यायचं किती. म्हणून समुद्रात करंट मारणारा मासा असतो असं कुणी सांगितलं, की पहिला प्रश्न ठरलेला असतो. किती व्होल्टचा? उत्तरही ठरलेलं असतं. विजेची पाकट जातीनुसार आणि आकारानुसार दहा-वीसपासून फार तर दोनशेच्या आसपास, आणि दक्षिण अमेरिकेतला विद्युत ईल ८६०. आकडे ऐकून आपण 'बाप रे' म्हणतो, ईलला पहिला नंबर देतो, पाकटीला दुसरा, आणि 'जिवंत बॅटरी' हा शब्द चिकटवून विषय मिटवतो.

ही ओळख उथळ आहे असं माझं म्हणणं आहे. ती नुसती अपुरी असती तर फारसं बिघडत नव्हतं. पण ती चुकीच्या जागी बोट ठेवते. पाकटीचा झटका तिच्या अंगात भरून ठेवलेला मार नाही. तो एक निरोप आहे: तिच्या मेंदूतून निघतो, स्नायूपासून घडलेल्या अवयवात मोठा होतो, पाण्यातून जातो आणि सावजाच्या मज्जातंतूंना त्यांच्याच भाषेत ऐकू येतो. हे मी चार पायऱ्यांनी मांडतो, मग आक्षेपांकडे येतो. त्यातला एक आक्षेप थेट हिंगण्याचा आहे आणि मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

१. व्होल्टचा आकडा काय सांगत नाही

गॅसचा लायटर दाबला की ठिणगी पडते. त्या ठिणगीमागे हजारो व्होल्ट असतात. जानेवारीतल्या कोरड्या नागपुरी थंडीत नायलॉनचा स्वेटर काढताना जो चटचट आवाज येतो, त्यातही हजारो व्होल्ट. त्याने कुणी मरत नाही. उलट एमआयडीसीतल्या कुठल्याही फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये जा. वेल्डिंग चालू असताना होल्डरच्या टोकाशी वीस-तीस व्होल्टच असतात. पण प्रवाह शंभर अँपिअर आणि वर, आणि लोखंड पाण्यासारखं वितळतं. व्होल्ट म्हणजे ढकलण्याचा जोर. किती वीज वाहिली, कशातून वाहिली आणि किती वेळ, हे त्या आकड्यात नसतं.

विजेची पाकट ही वेल्डिंग मशीनच्या जातीची. व्होल्ट बेताचे, प्रवाह मोठा. ईल हा उच्चदाबाच्या तारेच्या जातीचा. प्रवाह साधारण एक अँपिअर, व्होल्ट शेकड्यांनी. दोघांना एका फूटपट्टीने मोजून पहिला-दुसरा नंबर देणं म्हणजे वेल्डर आणि लाइनमन यांच्यात जास्त करंटवाला कोण, असं विचारणं.

२. पाणी ठरवतं अवयवाचा आकार

हा फरक माशांच्या मर्जीचा नाही. समुद्राचं खारं पाणी विजेला फार सहज वाट देतं. नदीच्या गोड्या पाण्यापेक्षा साधारण शंभर पट सहज. अमेझॉनच्या खोऱ्यातलं पाणी वाटच देत नाही, म्हणून ईलला जोर वाढवावा लागतो: हजारो पेशी एकामागे एक, लांबच लांब शरीरभर, एका रांगेत. समुद्रात तसा जोर वाया गेला असता. तिथे वाट मोकळी असते, त्यामुळे प्रश्न वाहून नेण्याच्या मालाचा येतो. म्हणून पाकटीच्या चपट्या तव्यासारख्या अंगात, डोक्याच्या दोन्ही बाजूंना, मूत्रपिंडाच्या आकाराचे दोन अवयव असतात आणि त्यांत शेकडो बुटके खांब शेजारी-शेजारी उभे असतात. वरून पाहिलं तर मधाचं पोळं. उभं कापलं तर प्रत्येक खांब म्हणजे भाकरींची चवड: एकावर एक ठेवलेल्या पातळ चकत्या, आणि प्रत्येक चकती म्हणजे एक पेशी.

हिशेब सोपा आहे. एक चकती व्होल्टचा साधारण अकरावा-बारावा हिस्सा देते. चवडीत पाचशे चकत्या असल्या तर चाळीस-पंचेचाळीस व्होल्ट. असे पाचशे खांब शेजारी असले तरी व्होल्ट वाढत नाहीत, वाढतो प्रवाह. इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या एकामागे एक जोडायच्या की शेजारी-शेजारी, हे ज्याला कळतं त्याला पाकट आणि ईल यांच्यातला फरक वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पाकटीला नदीत सोडलं तर तिचा झटका विझल्यासारखा होईल, आणि तो दोष तिचा नसेल. म्हणून 'तिच्यात किती वीज आहे' हा प्रश्नच मला फसवा वाटतो. झटका तिच्यात नसतो, पाण्यातही नसतो. तिच्या आणि पाण्याच्या जुळणीत असतो.

३. कोण कोणासारखं

'जिवंत बॅटरी' या शब्दावर माझा सगळ्यात जुना राग आहे, कारण तो इतिहास उलटा सांगतो. १७७२ मध्ये जॉन वॉल्श हा इंग्रज फ्रान्सच्या ला रोशेल बंदरात गेला आणि कोळ्यांनी पकडलेल्या पाकटींवर प्रयोग करू लागला. झटका तारेतून जातो, काचेतून जात नाही. पाठ आणि पोट यांच्यामध्ये तो घडतो. मासा प्रत्येक झटक्याला डोळे आत ओढून घेतो. दीड मिनिटात पन्नासेक झटके त्याने मोजले. शरीरशास्त्रज्ञ जॉन हंटरने पुढच्या वर्षी अवयव उघडून एका बाजूचे खांब मोजले. ४७० भरले; एका खूप मोठ्या माशात ११८२.

तरीही शंका उरली. वीज असेल तर ठिणगी का पडत नाही? कागदाएवढी फटसुद्धा हा झटका ओलांडत नव्हता. याचं उत्तर हेन्री कॅव्हेंडिशने १७७६ मध्ये दिलं, आणि मला वाटतं विजेच्या इतिहासातलं हे सर्वांत कमी सांगितलं जाणारं प्रकरण आहे. त्याने खोटी पाकट बनवली. पहिली लाकडाची, पण ती पुरेशी वीज वाहू देईना. मग दुसरी खाऱ्या पाण्यात भिजवलेल्या चामड्याची. तिला ४९ लेडन जारांची जोड दिली, खाऱ्या पाण्यात ठेवली, आणि हात घालणाऱ्यांना खऱ्या माशासारखा झटका बसला. ठिणगी मात्र नाही. विजेचं प्रमाण आणि विजेचा जोर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक भरपूर आणि दुसरी थोडी असू शकते, हे त्याने एका चामड्याच्या माशावर दाखवलं. व्होल्ट आणि अँपिअर ही नावं तेव्हा जन्मालाही आलेली नव्हती.

पुढे २० मार्च १८०० रोजी अलेस्सांद्रो व्होल्टाने लंडनच्या रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांना पत्र लिहून आपली नवी रचना कळवली: दोन धातूंच्या चकत्या, मध्ये खारवलेलं ओलं पुठ्ठं, पुन्हा चकत्या. चवडच. तिला त्याने नाव सुचवलं 'कृत्रिम विद्युत-अवयव'. म्हणजे जगातली पहिली बॅटरी पाकटीच्या आणि ईलच्या अवयवाची नक्कल म्हणून जगापुढे आली. पाकटीला बॅटरी म्हणणं म्हणजे आजोबांना नातवासारखे दिसता म्हणणं. आणि ज्याच्या नावावरून व्होल्ट आला, त्यानेच माशाकडे पाहून पाठ गिरवला होता.

४. ओढणं सोडलेला स्नायू

बॅटरीची उपमा आणखी एका ठिकाणी मोडते, आणि ते जास्त खोल आहे. बॅटरीच्या दोन टोकांत व्होल्ट कायम असतात. तार जोडा, प्रवाह वाहू लागतो. पाकटीच्या चवडीत एरवी शून्य असतं. प्रत्येक चकतीची वरची आणि खालची अशी दोन अंगं असतात आणि दोन्हींवर सारखाच दाब असतो, विरुद्ध दिशेने. रस्सीखेचीत दोन्ही बाजू तोलामोलाच्या असल्या की दोर हलत नाही, तसं. पेशी रात्रंदिवस अन्न खर्चून सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत असा तोल सांभाळते. म्हणजे तयारी साठवलेली असते, वीज नाही.

मग मेंदूतून हुकूम येतो. पाकटीच्या मेंदूच्या मागच्या भागात या कामासाठी स्वतंत्र फुगीर खंड आहेत. तिथून निघालेले तंतू प्रत्येक चकतीच्या खालच्या अंगावर पसरलेले असतात, आणि त्यांच्या टोकांतून अ‍ॅसिटिलकोलीन हे रसायन सुटतं. खालच्या अंगाची दारं उघडतात, तिथला दाब कोसळतो, वरच्या अंगाचा एकटा उरतो. पाचशे चकत्यांत हे एकाच क्षणी घडलं तर पाचशे छोट्या दाबांची बेरीज होते. मागेपुढे झालं तर काहीच नाही. चिखलात रुतलेला ट्रक ढकलताना 'हैशा'ला सगळ्यांचा जोर एकत्र पडावा लागतो. पाकटीची खरी करामत त्या हैशात आहे.

आणि हे सगळं नवं नाही. तंतूच्या टोकातून अ‍ॅसिटिलकोलीन सुटणं, समोरच्या पेशीची दारं उघडणं, दाब कोसळणं: हा लेख वाचताना तुमचं बोट पान उलटतं तेही याच क्रमाने. पाकटीच्या चकत्या वाढीच्या काळात स्नायूच्या पेशींपासूनच घडतात. त्यांनी आकुंचन पावायचं तेवढं सोडून दिलं. उरला नुसता निरोप घेण्याचा पडदा, शेकडो पट पसरलेला.

करंट चिकटतो म्हणजे काय

निरोप घेणाऱ्याच्या बाजूला काय होतं, हे कळायला पाण्यात उतरायची गरज नाही. 'करंटनं धरून ठेवलं, सोडतच नव्हता' हे वाक्य प्रत्येक वर्कशॉपमध्ये ऐकू येतं. करंट कुणाला धरत नाही. बाहेरची वीज हाताच्या तंतूंना आवळ असा हुकूम देते, मूठ मिटवणारे स्नायू उघडणाऱ्यांपेक्षा ताकदवान असतात, आणि माणसाचा स्वतःचाच हात तार घट्ट धरतो. विजेने दिलेल्या निरोपावर काम करतात ते त्याचेच स्नायू.

पाकटीच्या सावजाचं तेच. दिवसा ती वाळूत स्वतःला पुरून घेते, वर फक्त डोळे आणि डोळ्यांमागची दोन छिद्रं. मासा टप्प्यात आला की उसळी मारून अंगाची चादर त्याच्यावर टाकते आणि त्याच वेळी झटक्यांची माळ सोडते. एकेक झटका काही सहस्रांश सेकंदांचा, पण लागोपाठ. मासा भाजत नाही, त्याच्या अंगातले स्नायू एकदम आवळले जातात आणि तो काठीसारखा ताठ होतो. मग ती त्याला पंखांनी सरकवत डोक्याकडून गिळते. कॅलिफोर्नियाजवळची जात रात्री वाळू सोडून मोकळ्या पाण्यात हिंडत शिकार करते, हे १९७८ मध्ये नोंदवलं गेलं. ईलच्या बाबतीत तर केनेथ कॅटेनियाने २०१४ मध्ये दाखवून दिलं की ईलचे झटके सावजाच्या स्नायूंना आज्ञा देणाऱ्या तंतूंना चेतवतात. दडून बसलेल्या माशाला ईल दोन छोटे झटके देतो, मासा नकळत थरथरतो आणि आपली जागा सांगून बसतो. दुसऱ्याच्या अंगाचा रिमोट आपल्या हाती असणं, याला मार कसं म्हणायचं?

आक्षेप पहिला: शेवटी मारतोच ना?

हो. मोठी पाकट पाणबुड्याला बधिर करू शकते. पण निव्वळ अस्त्र मानलं की बऱ्याच गोष्टींचा मेळ बसत नाही. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर ट्रॉलरच्या जाळ्यात ज्या छोट्या, दीड-दोन वितींच्या विजेच्या पाकटी येतात, त्यांतल्या बऱ्याच वाळूतले किडे शोषून खातात. किड्याला पाडायला वीज कशाला? तिथे झटका मुख्यतः 'दूर राहा' हे सांगण्यासाठी. पाकटींचे नातलग असलेल्या स्केट माशांच्या शेपटीत इतका क्षीण अवयव असतो की त्याने कुणाचंच काही बिघडत नाही. तो आपापसांतल्या खुणांचा असावा. डार्विनने १८५९ मध्ये विद्युत-अवयव ही आपल्या सिद्धांतापुढची खास अडचण मानली होती. दुबळ्या सुरुवातीचा उपयोग काय, हा त्यातला पेच. झटका म्हणजे मार असं धरलं तर अर्धा मार निरुपयोगीच. निरोप म्हटलं की हळू आवाजालाही किंमत येते. माशांच्या निरनिराळ्या कुळांत ही शक्ती किमान सहा वेळा स्वतंत्रपणे उपजली आहे, ते उगाच नाही: कच्चा माल प्रत्येक माशाकडे होताच.

पहिल्या शतकात रोममध्ये स्क्रिबोनियस लार्गस हा वैद्य गाऊटच्या रोग्याला ओल्या किनाऱ्यावर जिवंत पाकटीवर पाय ठेवून उभा करायचा, गुडघ्यापर्यंत बधिर होईस्तोवर. ग्रीक लोक पाकटीला 'नार्के' म्हणत, म्हणजे बधिरपणा. नार्कोटिक त्याच मुळातला. आज फिजिओथेरपीवाल्याकडे कंबरेला पट्ट्या लावून 'करंट' देतात, तेव्हा आपण त्याला अस्त्र म्हणत नाही.

आक्षेप दुसरा: मुलांना बॅटरीच सांगावी लागते

हा शिक्षकांचा आक्षेप आहे आणि मी तो हलका मानत नाही. पण हिंगण्याच्या मुलाला आपण समजतो त्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. त्याचा काका वेल्डिंग करतो, घरी इन्व्हर्टर आहे, शेतात मोटर आहे, फेज गेला की काय होतं ते तो पाहतो. 'पाकट म्हणजे बॅटरी' हे उत्तर त्याची उत्सुकता तिथेच बंद करतं. 'चवड उभी रचली तर काय, आडवी मांडली तर काय, आणि पाण्यात मीठ टाकलं तर?' हा प्रश्न त्याला मोटरपर्यंत, आणि नशीब असेल तर कॅव्हेंडिशपर्यंत नेतो.

आक्षेप तिसरा: हिंगण्याला याचं काय?

समृद्धी महामार्ग याच तालुक्यातल्या शिवमडक्यापासून सुरू होतो आणि मुंबईकडे पोचायला ७०१ किलोमीटर घेतो. एवढ्या लांबच्या खाऱ्या पाण्यातल्या माशाशी कापूस-संत्र्याच्या मुलखाचा संबंध काय, हा प्रश्न रास्त आहे. संबंध फवारणीचा आहे.

निरोप पोचवणं जितकं महत्त्वाचं, तितकंच तो पुसणं. अ‍ॅसिटिलकोलीन तिथेच राहिलं तर दारं उघडीच राहतील आणि दुसरा निरोप जाणारच नाही. म्हणून प्रत्येक जोडावर त्याचे क्षणात तुकडे करणारं एन्झाइम असतं: अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज. माणसाच्या स्नायूत ते इतकं तुरळक की सहजी हाती लागत नाही. पाकटीचा अवयव म्हणजे जोडांचंच शेत. १९३०च्या दशकात डेव्हिड नाख्मानसोनने तो तपासला तेव्हा त्यात हे एन्झाइम भरभरून सापडलं. निरोप घेणारं दार, म्हणजे ग्राही प्रथिन, वेगळं काढता आलं तेही पाकटीच्या आणि ईलच्या अवयवांतून, आणि त्यासाठी खूण म्हणून वापरलं तैवानच्या मण्याराचं विष, जे नेमकं त्याच दाराला जाऊन चिकटतं. आपल्या धुऱ्यावरचा मण्यार त्याच्याच कुळातला. १९८२ मध्ये शोसाकू नुमा यांच्या गटाने त्या ग्राहीचा जनुकीय मजकूर पाकटीवरून वाचायला सुरुवात केली. १९९१ मध्ये इस्राएलच्या वाइझमन संस्थेतल्या जोएल ससमन आणि इस्राएल सिलमन यांच्या गटाने एन्झाइमची त्रिमित रचना उलगडली. ते एन्झाइमही कॅलिफोर्नियाच्या पाकटीचं. एक अरुंद, खोल घळ, आणि तिच्या तळाशी कात्री.

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही ऑरगॅनोफॉस्फेट कीटकनाशकं त्या घळीच्या तळाशी जाऊन बसतात आणि कात्री बंद पाडतात. बोंडअळीचं मरण तेच आणि फवारणाऱ्याची बाधा तीच. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसं गेली. वाऱ्याच्या उलट दिशेने, उंच वाढलेल्या कपाशीत, उघड्या अंगाने पंप चालवताना. बाहुली टाचणीएवढी होते, तोंडाला लाळ सुटते, अंग घामाने भिजतं, छाती भरते. दवाखान्यात अ‍ॅट्रोपिन देतात. लाळ आटते, छाती मोकळी होऊ लागते. दंडावरची कातडी मात्र आतून फडफडत राहते, कारण अ‍ॅट्रोपिन ग्रंथींच्या दाराला लागू पडतं, स्नायूच्या दाराला नाही, आणि तिथला निरोप अजून पुसला गेलेला नसतो. त्यासाठी पॅम नावाचं दुसरं इंजेक्शन असतं. ते आयर्विन विल्सनने १९५०च्या दशकात नाख्मानसोनच्याच प्रयोगशाळेत, ईलच्या अवयवातल्या एन्झाइमवर काम करून शोधलं. घळीच्या तळाशी अडकलेलं विष ते ओढून काढतं, पण वेळेत दिलं तरच. काही विषं तासाभरात तर काही दिवसा-दोन दिवसांत तिथे कायमची जाम होतात.